दारातून दिसणारी खोली

घर सजवायला काढलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, "कुठल्या शैलीत करायचं?" खोलीला ऊन कुठून येतं, तिथे कोण झोपणार, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला कमी ऐकू येतं, हे सगळं नंतर, निघालं तर निघालं. आधी फोनवर चित्रं सरकू लागतात. स्कँडिनेव्हियन, इंडस्ट्रियल, बोहो, मिनिमल, जपानी, मिड-सेंच्युरी मॉडर्न. एकावर बोट ठेवायचं आणि मग खिडकी, भिंत, पलंग आणि घरातली माणसं त्या चित्रात बसवायची. बसली नाहीत तर थोडी दाबून बसवायची.

हा प्रश्न पहिला विचारला जाऊ नये, असं माझं मत आहे. शैलींशी माझं वाकडं नाही. त्यातल्या काहींवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच त्यांचं आज जे चाललंय ते बघवत नाही. शैली म्हणून आपल्या हाती पडतं ते खोलीचं दारातून घेतलेलं चित्र. छायाचित्रकार दाराच्या कोपऱ्यात पाठ टेकवून उभा राहतो, रुंद कोनाची लेन्स लावतो, दिवसातल्या सर्वांत गुणी अर्ध्या तासाची वाट बघतो. वायरी, चार्जर, औषधांचा डबा आणि माणसं बाजूला केली जातात. राहणारा मात्र त्या कोपऱ्यात कधी उभा राहत नाही. आत येतानाचे दोन क्षण सोडले तर खोली त्याला दिसते ती खुर्चीतून, उशीवरून, ओट्यापाशी उभं राहून, किंवा पहाटे तीन वाजता चष्म्याशिवाय.

उशीवरून खोली बघणारा एक वास्तुकार होऊन गेला. फिनलंडमधलं पाइमिओचं क्षयरोग्यांचं रुग्णालय आल्वार आल्टो आणि त्याची पत्नी आइनो यांनी उभारलं. १९३३ साली ते पूर्ण झालं. क्षयावर तेव्हा परिणामकारक औषध नव्हतं, रोगी महिनोनमहिने पडून असायचा. आल्टोच्या लक्षात आलं की खोल्या उभ्या माणसासाठी आखल्या जातात, आणि हा माणूस तर आडवा आहे. याच्या समोरची भिंत म्हणजे छत. म्हणून छताला शांत, हिरवट रंग दिला, दिवा डोळ्यांवर येणार नाही असा मागे नेला, वरून येणारी ऊब पायांकडे वळवली. वॉशबेसिनला उतार असा दिला की पाण्याची धार आवाज न करता उतरावी. एका खोलीत दोघे असत, एकाच्या हात धुण्याने दुसऱ्याची झोप मोडायला नको. तिथल्या वाकवलेल्या प्लायवूडच्या खुर्चीची पाठ ज्या कोनात कलली आहे, तो कोन श्वास घेणं सोपं जावं म्हणून ठरला. ती खुर्ची पुढे जगभर गाजली. आज ती बैठकीच्या खोल्यांच्या चित्रांत झळकते आणि बघणाऱ्याला तिचं वळण सुंदर वाटतं. सुंदर आहेच. पण ते वळण एका खोकणाऱ्या माणसाच्या छातीसाठी काढलेलं आहे, हे चित्रात येत नाही.

माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ इथे आहे. बहुतेक शैली म्हणजे कुणाच्या तरी अडचणीवर काढलेला तोडगा. तोडगा तेवढा प्रवास करतो, अडचण जिथल्या तिथे राहते.

पांढऱ्या भिंती आणि फिकट लाकूड यांचंच बघा. उत्तर युरोपातल्या हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवतो तो काही तास, तोही तिरका. अशा ठिकाणी आत आलेला प्रत्येक किरण भिंतींनी परतवून पुन्हा खोलीत सोडायचा, म्हणून पांढरा रंग, म्हणून खिडकीवर विरळ पडदा. १९५४ ते १९५७ या काळात 'डिझाइन इन स्कँडिनेव्हिया' नावाचं प्रदर्शन अमेरिका-कॅनडात फिरलं, आणि या साध्या शहाणपणाला बाजारात नाव मिळालं. मीही त्या नावाला भुललो. पश्चिमेला मोठी खिडकी असलेली माझी खोली मी नखशिखांत पांढरी केली. पहिल्या संध्याकाळी आलेल्यांनी वाहवा केली. उन्हाळा लागला तशी दुपारी दोन ते सहा ती खोली तव्यासारखी चमकायला लागली. पुस्तकाचं पान डोळ्यांत घुसायचं. शेवटी जाड पडदा लावला, तो ओढून घेतला आणि टेबलावरचा दिवा लावून काम करू लागलो. प्रकाश पकडण्यासाठी शोधलेली शैली मी तीन वर्षं दिवसाढवळ्या दिवा लावून उपभोगली. दोष शैलीचा नव्हता. तिने कुठल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, हे मी विचारलंच नव्हतं.

इंडस्ट्रियल शैलीची कथा याहून गमतीची. न्यूयॉर्कच्या सोहो भागातले छोटे कारखाने दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक करून बंद पडले, आणि साठच्या दशकात त्या ओस पडलेल्या मजल्यांवर चित्रकार-शिल्पकार राहू लागले. जागा मोठी, भाडं कमी, खिडक्या उंच. तिथे राहणं कायद्याला मान्यच नव्हतं. १९७१ साली नियम बदलले तेव्हा कुठे कलावंतांना तशी मुभा मिळाली. ज्या घरातून उद्या बाहेर काढतील त्याला गिलावा कोण करणार? नळ, विटा, लोखंडी खांब होते तसेच राहिले. उघडी वीट ही सौंदर्यदृष्टी नंतर झाली. आधी ती फक्त न झालेली दुरुस्ती होती. आता चांगल्या गिलावा केलेल्या, रंगवलेल्या भिंतीवर विटांचा छाप असलेला कागद चिकटवतात, आणि ज्यातून काहीच वाहत नाही असे पाइप छताखाली टांगतात. मला हसू येतं, पण ते पूर्ण खरं नाही. थोडं वाईटही वाटतं. गरिबीचं सोंग आणायलासुद्धा माणसं एवढा खर्च करतात.

तरीही विटांच्या कागदाने कुणाचं फार बिघडत नाही. रिकामेपणाची नक्कल मात्र महाग पडते. जपानी खोली म्हटलं की नजरेसमोर चटया, कागदी सरकते दरवाजे आणि मोकळी जमीन येते. सोळाव्या शतकातला, जपानी चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू याच्याशी जोडली गेलेली ताइआन ही चहाची खोली तर जेमतेम दोन तातामी चटयांची आहे. पण ती खोली राहण्यासाठी नव्हतीच. थोड्या वेळासाठी दोन-तीन माणसांनी एकत्र बसण्यासाठी होती. आणि राहत्या घरातली मोकळी जमीन? तिथे अंथरूण सकाळी गुंडाळून ओशिइरे नावाच्या खोल कपाटात जातं, रात्री पुन्हा बाहेर येतं. त्या खोलीचं रिकामेपण वस्तू नसल्यामुळे आलेलं नाही. कुणीतरी ते रोज सकाळी करतं. आपण त्यातली जमीन घेतो, कपाट घेत नाही आणि सकाळचं काम तर मुळीच घेत नाही. मिनिमल खोलीच्या प्रत्येक चित्रामागे खच्चून भरलेली एक दुसरी खोली असते, असा माझा जुना संशय आहे.

काम या शब्दाशी जरा थांबायला हवं, कारण शैलीच्या चर्चेत तो सगळ्यांत कमी ऐकू येतो. दारांशिवायच्या उघड्या फळ्या चित्रात छान दिसतात. त्यांच्यावरची धूळ चित्रात बसत नाही. काळा चकचकीत ओटा घेतला की प्रत्येक बोटाचा ठसा उमटतो. कोरीव नक्षीच्या खुर्च्या, झालरीचे पडदे, शंभर शोभेच्या वस्तू अशी व्हिक्टोरियन बैठक ज्या घरांत रुजली त्या घरांत झाडपूस करायला नोकर होते, हे विसरून ती उचलता येत नाही. तेव्हा शैली निवडणारा आणि फडकं मारणारा एकच माणूस आहे का, हे आधी विचारावं. नसेल, तर ही आवडीनिवडीची बाब राहत नाही. एकाच्या हौसेचा भार दुसऱ्याच्या कमरेवर पडतो, आणि मग त्याबद्दल घराबाहेरच्यांनीही बोलायला हरकत नाही.

घरातल्या कामाकडे निरखून बघणाऱ्यांत ऑस्ट्रियन वास्तुकार मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की हिचं नाव पहिल्या रांगेत घ्यावं लागेल. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी तिने जे स्वयंपाकघर आखलं, ते सुमारे दहा हजार घरांत बसवलं गेलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती पणजी. जेमतेम दोन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब अशी ती जागा. बाई किती पावलं चालते, कुठे वाकते, कशाला किती वेळ लागतो याच्या मोजमापांचा अभ्यास, आगगाडीच्या डब्यातली स्वयंपाकाची जागा, अशा गोष्टींतून ती जन्मली. बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल, छतावर रुळावरून सरकणारा दिवा, कोरड्या जिन्नसांसाठी ओतता येतील असे धातूचे खण. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्या लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे कीड दूर राहते. कपाटांचा निळसर रंगही माश्या त्यावर बसत नाहीत अशा समजुतीने निवडलेला. एकेक रंग, एकेक लाकूड कशासाठी आहे ते सांगता यायचं.

आणि तरीही त्या स्वयंपाकघरावर पुढे कडक टीका झाली, ती रास्तच होती. तिथे दुसरं माणूस मावत नाही. सगळी मोजमापं एकाच बाईची आहेत. मदतीला कुणी येईल ही शक्यताच आखणीतून पुसली गेली. म्हणजे इतक्या आस्थेने बघणाऱ्या नजरेलाही एक गृहीतक दिसलं नाही. पण त्या टीकेचा दर्जा बघा. "हे जुनाट दिसतं" असं कुणी म्हणत नव्हतं, "इथे माझ्यासोबत कोण उभं राहणार?" असा तो प्रश्न होता. खोलीबद्दल वाद घालायचा तर तो या पातळीवर घालावा. ओट्याचा रंग राखाडी की हस्तिदंती, यावर दोन महिने घालवणाऱ्या घरात स्वयंपाक किती जण करणार हा विषय एकदाही निघत नाही, असं मी पाहिलं आहे.

गंमत म्हणजे ज्यांची नावं आपण शैली म्हणून घेतो, त्यांतल्या कितीतरी नावांची त्या काळातल्या माणसांना खबरच नव्हती. 'गॉथिक' आणि 'बरोक' ही मुळात नावं ठेवण्यासाठी वापरलेली नावं. 'आर्ट डेको' हा शब्द १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनाच्या नावातून आला, पण रूढ झाला साठच्या दशकात, तो सगळा बहर ओसरून गेल्यावर. 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' तर ऐंशीच्या दशकातलं. त्या घरांत राहणारे लोक कुठल्या शैलीत राहत नव्हते. आपापल्या घरात राहत होते.

आता दुसरी बाजू. इंटिरियर डिझायनर मंडळी म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं मी बाजूला सारू शकत नाही, की शैलीचं नाव नसेल तर बोलणंच सुरू होत नाही. घरमालक म्हणतो "उबदार हवंय", त्याची बायको म्हणते "साधं पण उठून दिसणारं", आणि या दोन वाक्यांतून कपाटाची जाडी ठरत नाही. शैली ही दोन अनोळखी माणसांमधली दुभाषी आहे. शिवाय बंधन नसलं की घराचं भंगाराचं दुकान होतं, हेही खरं. मला ते कवितेतल्या वृत्तासारखं वाटतं. वृत्त सांभाळताना कवीला कधी कधी असा शब्द सापडतो जो मोकळेपणी सापडलाच नसता. पण गणमात्रा बिनचूक जुळल्या म्हणून प्रत्येक ओळ कविता होत नाही, आणि सांगायचं काय ते ठरलेलं नसताना आधी शार्दूलविक्रीडित निवडून बसणाऱ्याला आपण कवी म्हणत नाही. दुभाषी हवा, पण बोलायचं आपण. आणि एखाद्याला निव्वळ मौज म्हणून एक खोली आर्ट डेको नाटकाच्या नेपथ्यासारखी सजवायची असेल, तर माझा त्याला पाठिंबा आहे. त्याने स्वतःला काय हवं ते विचारलं आहे, आणि उत्तर 'मौज' असं आलं आहे.

चित्रात न येणाऱ्या गोष्टींत आवाज येतो, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातलं एक नवं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं होतं; बोललेला शब्द तिथे पाच सेकंदांहून जास्त घुमायचा आणि पुढच्या शब्दांवर चढायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे काम आलं. त्याने दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, एकेक मांडत गेला, घुमणं किती कमी होतं ते मोजत गेला, आणि सकाळी गाद्या परत नेऊन ठेवल्या. ध्वनीच्या शास्त्रातलं एक मूळ सूत्र या गाद्यांच्या ने-आणीतून आलं. आता आपली आदर्श बैठकीची खोली बघा: गुळगुळीत फरशी, काच, रंगवलेल्या उघड्या भिंती, कापड नावाला. चार माणसं एकदम बोलायला लागली की त्या खोलीत कालवा होतो, आणि ज्यांना कमी ऐकू येतं ती वडीलधारी माणसं हळूहळू संभाषणातून बाहेर पडतात. घरच्यांना वाटतं, त्यांचं लक्ष नाही. लक्ष असतं, खोली त्यांच्या विरुद्ध असते. एक जाड गालिचा, पुस्तकांची एक भिंत, भरदार पडदे एवढ्याने फरक पडतो. पण "शैलीत बसत नाही" म्हणून पडदे निघालेलं घर मला माहीत आहे, आणि तिथल्या आजोबांनी जेवताना बोलणं सोडलं होतं, हेही.

'शैलीत बसत नाही' हे शब्द धोक्याचे. १९०० साली व्हिएन्नाचा वास्तुकार अडॉल्फ लोस याने एका श्रीमंत माणसाची उपहासकथा लिहिली. त्या माणसाचं घर एका मोठ्या वास्तुकाराने अथपासून इतिपर्यंत सजवून दिलं. वाढदिवशी मालक खुशीत असताना वास्तुकार येतो आणि त्याच्या पायांतल्या सपाता पाहून हादरतो. सपाता वास्तुकारानेच बनवलेल्या, पण त्या शयनगृहासाठी होत्या. या खोलीतला रंगमेळ त्यांनी बिघडवला! पुढे बायको-मुलांनी दिलेल्या भेटवस्तू कुठे ठेवाव्यात असं विचारल्यावर तर तो संतापतो. भेटी घेतल्याच कशा? घर पूर्ण झालं आहे, आणि त्यासोबत मालकही.

सव्वाशे वर्षांपूर्वीची ही थट्टा आज हिशेबाच्या वहीत उतरली आहे. जी खोली पहिल्याच दिवशी पूर्ण होते तिच्यात नंतर काही भर घालता येत नाही. नवा दिवा आणला की तो खटकतो, आत्याची जुनी खुर्ची आली की ती खटकते. अशा खोलीला बदलायचं तर एकच मार्ग उरतो, सगळं काढून टाकायचं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे १९६० साली तिथल्या कचऱ्यात फर्निचर आणि गृहसजावटीचं सामान सुमारे २२ लाख टन होतं. २०१८ साली ते १ कोटी २१ लाख टनांवर गेलं, आणि त्यातलं ८० टक्के थेट जमिनीत पुरलं गेलं. लोकसंख्या त्या काळात दुप्पटही झाली नव्हती. सगळा दोष शैलीच्या माथी मारता येणार नाही. लाकडाचा भुसा दाबून केलेली, स्क्रू दुसऱ्यांदा न धरणारी कपाटं यांचाही त्यात वाटा आहे. पण टिकाऊ कपाटही माणूस फेकतो, जर ते त्याला मागच्या चित्रातलं वाटू लागलं तर. आतून जमलेली खोली अशी एकदम जुनी होत नाही, कारण ती कधी एकदम नवी झालेलीच नसते.

म्हणून डिझायनरला भेटायला जाण्याआधी रिकाम्या किंवा अर्ध्या भरलेल्या खोलीत महिनाभर तरी राहावं, असा माझा आग्रह असतो. ऊन कुठे पडतं ते खडूने जमिनीवर आखावं. रंगाचा नमुना भिंतीवर हातभर फासून सकाळी, संध्याकाळी आणि रात्री दिव्याखाली बघावा. बल्बच्या खोक्यावर २७०० केल्विन (पिवळसर उजेड) लिहिलंय की ६५०० (निळसर पांढरा) यावर तोच रंग मवाळ वाटेल की आजारी, हे ठरतं. आणि ज्या ठिकाणी आपण नकळत जाऊन बसतो तिथे खुर्ची ठेवावी, मग चित्रात ती कुठेही असो.

शेवटी त्या काचेच्या घराबद्दल सांगायला हवं, कारण या विषयावर बोलताना ते मला टाळता येत नाही. शिकागोच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी वास्तुकार मीस व्हॅन डेर रोह याने नदीकाठी बांधलेलं ते घर १९५१ साली पूर्ण झालं. चारही बाजूंना काच, आत जवळजवळ एकच खोली. आधुनिक वास्तुकलेतलं ते एक शिखर मानलं जातं, आणि मलाही तसंच वाटतं. बाईंचं मात्र त्यात जमलं नाही. खर्चावरून दोघे कोर्टात गेले, निकाल वास्तुकाराच्या बाजूने लागला. बाईंनी तक्रार केली होती की साधा कपड्यांचा हँगर ठेवायचा तरी तो बाहेरून कसा दिसेल याचा विचार करावा लागतो. नदीकाठी डास, म्हणून त्यांनी व्हरांड्याला जाळ्या लावून घेतल्या, आत आपलं घरचं फर्निचर ठेवलं आणि वीस वर्षं ते घर वापरलं. १९७२ साली त्यांनी ते विकलं. नव्या मालकाचं मीसवर निस्सीम प्रेम होतं. त्याने जाळ्या काढून टाकल्या आणि एअर कंडिशनर बसवला.